यंदा आंबा का रुसला?

फेब्रुवारी सरत आला की दिल्लीची थंडी ओसरू लागते. रजया उन्हात पडतात, स्वेटर धुऊन पेटीत जातात आणि ज्यांच्या मागल्या अंगणात आंब्याचे झाड आहे, त्या घरची गृहिणी सकाळी दूध आत घेताना एकदा मान वर करून पाहते. मोहोर आला का?

पहाडगंजात फळझाडाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडलेल्याला दिसतो तो मेन बाजार, हॉटेलांच्या पाट्या, सायकलरिक्षा आणि सामानाने भरलेल्या हातगाड्या. पण याच पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी पहाडगंज, करोल बाग, गोल मार्केट या परिसरात संसार थाटले. जुन्या सरकारी क्वार्टरला मागे खोलीभर मोकळी जागा असे. तिथे आधी तुळस यायची, मग कढीपत्ता, मग पेरू किंवा लिंबू. आणि बिऱ्हाड कोकणातले असले तर एखाद्या सुटीत गावाहून आणलेली आंब्याची कोय. बदली झाली की माणसे जात, झाड राही. पुढचे बिऱ्हाड त्याची फळे खाई आणि ते कोणी लावले, याचा अंदाज बांधत बसे.

अशा घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गेल्या वर्षी एवढा आंबा आला की वाटून वाटून हात दुखले. शेजारच्या पंजाबी काकूंना लोणच्याला कैऱ्या गेल्या, शाळेतल्या बाईंना गेल्या, गच्चीवर आमसोलासारख्या फोडी वाळत पडल्या. आणि यंदा? सगळे शेंडे कोरे! मग घरात चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, कोणाची तरी नजर लागली. माळी म्हणतो, औषध मारा. मुलगा म्हणतो, दोन वर्षांतून एकदा फळ देणारे झाड ठेवून काय उपयोग, तोडले तर गाडी तरी उभी राहील. या तिघांपैकी सर्वांत धोक्याचे मत मुलाचे, कारण ते अमलात येऊ शकते.

मागल्या वर्षीचा हिशेब

आंबा एक वर्ष भरभरून फळतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो, याला बागाईतदार ‘वर्षाआड फळणे’ म्हणतात. हापूस, दशहरी, लंगडा, चौसा या सगळ्या नामांकित जातींना ही खोड आहे. तिचे कारण झाडाच्या रचनेतच आहे.

आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो, आणि तोही कोवळ्या शेंड्याला नव्हे. काही महिने जुन्या, पक्व झालेल्या काडीलाच मोहोराचे डोळे फुटतात. ज्या वर्षी झाडावर फळांचे घोस लटकतात, त्या वर्षी जून-जुलैपर्यंत झाडाची सगळी शिदोरी फळांत जाते. फळे उतरल्यावर थकलेल्या झाडाने पावसाळ्यात नवी पालवी काढायची, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत पक्व करायची आणि मग तिच्यावर मोहोर आणायचा. एवढा दम त्याच्यात उरत नाही. पालवी एक तर फुटतच नाही किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात उशिरा फुटते आणि मोहोराच्या वेळी कोवळीच राहते. शिवाय वाढत्या फळातल्या कोयीत जिबरेलिन नावाचे संजीवक तयार होते आणि ते नवे मोहोराचे डोळे घडू देत नाही. म्हणजे यंदाच्या कोऱ्या शेंड्यांचे कारण गेल्या वर्षीच्या लोणच्याच्या बरण्यांत आहे.

कोऱ्या वर्षी झाड काही झोपलेले नसते. फळांचा भार नसल्याने ते भरपूर पालवी काढते, काड्या पक्व करते, साठा करते. आणि त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा बहरते. नेमक्या याच कोऱ्या वर्षी कंटाळून झाड तोडणे म्हणजे भरत आलेली ठेव मोडण्यासारखे आहे.

गृहिणीच्या हातात काय आहे? बरेच काही. फळे उतरली की लगेच, पहिल्या पावसाबरोबर झाडाला खत द्यायचे. दहा वर्षांपुढच्या झाडाला सुमारे ५० किलो शेणखत लागते. ते बुंध्याशी ओतून उपयोग नाही, कारण अन्न घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली, बाहेरच्या कडेला असतात. तिथे गोल चर काढून खत घालावे. दुसरी गोष्ट पाण्याची. ऑक्टोबरपासून मोहोर येईपर्यंत मोठ्या झाडाला पाणी तोडायचे. पुष्कळ घरांत नेमके उलट होते. हिवाळ्यात शेवंती-झेंडूच्या वाफ्यांना रोज पाणी दिले जाते, ते शेजारच्या आंब्यालाही मिळते आणि झाड मोहोराऐवजी पालवी काढत बसते. फळे गोटीएवढी झाली की मग पाणी सुरू करावे. झाडाच्या पोटातल्या दाट, वाळक्या फांद्या पावसाळा संपता संपता काढून आत ऊन जाऊ द्यावे. बाजूला चार मजली इमारत उठून ऊन कायमचे अडले असेल, तर मात्र खतपाण्याने फारसे काही होणार नाही, हेही कबूल करावे लागते. पहाडगंज-करोल बागेत फळे कमी होण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि त्याबद्दल झाडाला बोल लावण्यात अर्थ नाही.

पुसातले लग्न

पहाडगंजातून करोल बाग ओलांडून पश्चिमेला थोडे गेले की पुसा लागते. दिल्लीकरांच्या तोंडी ते केवळ एका बसथांब्याचे नाव आहे. भारतीय कृषी संशोधन संस्था मुळात १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा या गावी निघाली. १९३४ च्या भूकंपात तिथल्या इमारती पडल्या आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली; येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली.

आंब्याची वर्षाआडची खोड मोडायचा प्रयत्न इथे झाला. उत्तरेची दशहरी चवीला अप्रतिम, पण वर्षाआड फळणारी. दक्षिणेची नीलम चवीला बेताची, पण दरवर्षी न चुकता फळणारी. या दोघींची जोडी जमवली तर? नीलम आईच्या जागी आणि दशहरी बापाच्या जागी ठेवून जी जात झाली तिचे नाव मल्लिका. ती १९७२ मध्ये आली. मग सासर-माहेर उलटे केले. दशहरी आई, नीलम बाप. त्या जोडीतून १९७९ मध्ये आली ती आम्रपाली. घराणे एकच, पण मुली वेगळ्या. मल्लिकेचे फळ मोठे. आम्रपालीचे फळ लहान, गर गडद केशरी आणि झाड ठेंगणे. इतके ठेंगणे की अडीच मीटरवर एक अशी हेक्टरी १६०० झाडे लावता येतात. शिवाय ती दरवर्षी फळते. मोठ्या बागाईतदारांसाठी केलेला हा शोध खरा उपयोगी पडला तो चार पावलांच्या अंगणवाल्यांना. दिल्लीत तिची फळे उशिरा, जुलैत तयार होतात. तोवर बाजारातला दशहरी संपत आलेला असतो, हा आणखी एक फायदा.

कोकणातही हाच विचार झाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये ‘सिंधू’ दिली, जिची कोय अगदी पातळ असते. तरीही कोकणी माणूस अंगणात हापूसच लावतो आणि वर्षाआड कुरकुरतो. चवीपुढे तर्क चालत नाही.

खिळा, कोयता आणि कल्टार

न फळणाऱ्या झाडाला धाक दाखवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोणी बुंध्यात खिळे ठोकतात, कोणी कोयत्याने साल ओरबाडतात, कोणी ‘यंदा फळला नाहीस तर तोडीन’ असे झाडाला ऐकवतात. शेजारच्या घरी असे केले आणि पुढच्या वर्षी झाड फळले, असा दाखलाही दिला जातो. झाड वर्षाआड फळणारे असेल तर ते पुढच्या वर्षी तसेही फळणारच होते! धाकाचे श्रेय मात्र कोयत्याला मिळते.

यात तथ्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली मुळांकडे जाते. सालीला खाच पडली की ते वरच अडते आणि फांदीत साठा वाढून कधी कधी मोहोर येतो. बागशास्त्रात फांदीची साल वलयाकार काढण्याची पद्धत आहे, ती याच तत्त्वावर. पण हे जाणत्या हाताचे काम आहे. बुंध्यावर वेडेवाकडे घाव घातले की तिथून बुरशी आणि खोडकिडा आत शिरतो, आणि एका वर्षाच्या फळांपायी झाड कायमचे जाते.

कोकणच्या बागांत आता पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातले ‘कल्टार’, पावसाळ्यात मुळांशी घालतात. ते जिबरेलिनला आवर घालते, पालवी रोखते आणि मोहोर आणते. मोजून-मापून, जोडीला भरपूर खत घालून वापरले तरच ते धार्जिणे ठरते. नुसता डोस वाढवत गेले तर झाड खंगते. अंगणातल्या एकट्या झाडाला, ज्याच्या शेजारी कोथिंबीर आणि अळू लावलेले आहे, त्याच्या मुळांशी असले रसायन ओतण्याचा मोह न धरलेला बरा.

मोहोर आला, तरी

मोहोर आला म्हणजे आंबा आला, असे नाही. एका मोहोरात हजारो फुले असतात. त्यांतली पुष्कळशी निव्वळ नर. उरलेल्या फुलांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच फळ धरते आणि शेवटपर्यंत एखाददुसरेच टिकते. झाडाखाली बारीक कैऱ्यांचा सडा पाहून घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. पण जेवढी पोसता येतील तेवढीच ठेवून बाकीची गाळणे हा झाडाचा शहाणपणा आहे. आणि ही फळधारणा होते ती मुख्यतः माश्यांमुळे. एरवी ज्यांना आपण फडक्याने हाकलतो, त्याच माश्या मोहोरावर घोंगावत असतात. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारणे म्हणजे पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणे होय.

मोहोरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पाने चिकट होऊन पुढे काळी पडली तर तुडतुडे. दिल्लीच्या बाजूला आणखी एक दुखणे फार आहे. मोहोर लांब सुटण्याऐवजी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा गुच्छ होऊन बसतो. नवख्या माणसाला वाटते, केवढा भरगच्च मोहोर! त्या गुच्छाला एकही फळ धरत नाही. तो बुरशीमुळे होणारा विकार आहे. असे गुच्छ खालच्या वीतभर काडीसकट कापून झाडापासून दूर करावेत आणि कात्री पुसून ठेवावी.

एवढ्यातून जे वाचते, त्यावर मे महिन्यातली दिल्लीची आंधी टपलेली असते. दुपारी आकाश पिवळे होते, दारे-खिडक्या आपटतात आणि पंधरा मिनिटांत अर्धी कैरी जमिनीवर येते. त्या संध्याकाळी वसाहतभर पन्हे होते.

माहेर कोकणातले असलेल्या दिल्लीकरणींना असले नुकसान किरकोळ वाटते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तिथल्या घरांमागच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी, नारळ, फणस, आंबा, सगळेच. त्या वाडीवर घर चालत होते. नवी सुपारी लावली तरी पोफळ हाती यायला सहा-सात वर्षे जातात. पुढल्याच वर्षी मे मध्यात ‘तौक्ते’ आले आणि झाडावर राहिलेला हापूस झोडपून गेले. अशा वेळी खत, पाणी, छाटणी यांतले काहीच कामाला येत नाही.

पेरू मात्र ऐकतो

आंब्याच्या तुलनेने पेरू फार समजूतदार. तो नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे फूट आणता आली की फूल आणता येते. मराठी शेतकऱ्याने त्याचे बहार पाडून ठेवले आहेत. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. ज्या बहाराची फळे हवीत त्याआधी पाणी तोडून ताण द्यायचा आणि मग खतपाणी सुरू करायचे.

दिल्लीत पेरूची तक्रार वेगळी असते. पावसाळ्यात झाड लदलेले, पण फळ पाणचट आणि कापावे तर आत अळ्या. हिवाळ्यात, जेव्हा पेरू गोड होतो, तेव्हा झाडावर चार फळे! झाडाने आपली ताकद पावसाळी बहारात घालवलेली असते. उपाय साधा आहे. मार्च ते मे या काळात पाणी अगदी कमी करावे आणि एप्रिल-मेमध्ये आलेली फुले हाताने खुडून टाकावीत. फुललेले झाड खुडताना जीव तुटतो. पण मग जुलै-ऑगस्टमध्ये जी फुले येतात, त्यांची फळे नोव्हेंबरपासून मिळतात; घट्ट, गोड आणि अळीशिवाय. मिठाच्या चिमटीबरोबर उन्हात बसून खायची ती हीच.

जाता जाता, दिल्लीत जो ‘लखनौ-४९’ किंवा ‘सरदार’ पेरू विकतात, त्याच्या नावावर जाऊ नये. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून ती निवड झाली पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत, १९२७ मध्ये.

लिंबाचे फारसे काही मागणे नसते. फक्त बुंध्याशी पाणी साचू देऊ नये; साचले की डिंक्या रोग होतो, सालीतून डिंक गळतो आणि झाड वाळत जाते. मोरीचे साबणाचे पाणी लिंबाच्या आळ्यात सोडणे ही तर पुष्कळ घरांतली सवयच आहे. पपई फळत नसेल आणि लांब देठांवर फुलांचे झुबके लोंबत असतील तर ते नर झाड आहे, त्यावर इलाज नाही. ‘पुसा डेलिशियस’सारख्या जातीत निव्वळ नर झाड निघत नाही, म्हणून एकच झाड लावायचे असेल तर ती बरी.

कुऱ्हाड उचलण्याआधी

पुन्हा त्या मुलाकडे येऊ, ज्याला गाडीसाठी जागा हवी आहे. झाड आपल्या अंगणातले आहे, म्हणून ते आपल्याला हवे तेव्हा तोडता येते, हा समज चुकीचा आहे. दिल्लीत १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी जागेतल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा कायदा आहे. आणि १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत तर आंबा, फणस आणि जांभूळ नावानिशी आहेत.

तोडत नाहीत ते फरशी घालतात. अंगण धुवायला सोपे जावे म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट येते आणि दोन-तीन वर्षांत फळ कमी झाले म्हणून कपाळाला हात लावला जातो. मुळांना पाणी आणि हवा जाणार कुठून? २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. घरच्या अंगणात तेवढे करायला लवादाची वाट पाहायला नको.

२०१८ च्या जूनमध्ये दक्षिण दिल्लीतल्या सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर वगैरे सरकारी वसाहती पाडून उंच इमारती बांधायचे काम निघाले आणि हजारो झाडांवर गंडांतर आले. लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तोड थांबवावी लागली. अशा वसाहतींतली सगळीच झाडे सरकारने लावलेली नसतात. कोणा कारकुनाच्या बायकोने लावलेला पेरू, कोणी आणलेल्या कोयीचा आंबा, पक्ष्यांनी आणलेले तुतीचे झाड, अशी भर पडतच जाते. कागदावर त्यांचा फक्त आकडा होतो.

आता नव्या घरांना अंगणच नाही. पहाडगंजाच्या गल्ल्यांत उरली आहे ती गच्ची. तिथे पाण्याच्या जुन्या पिंपाला तळाशी भोके पाडून लिंबू, डाळिंब किंवा आम्रपालीचे कलम लावता येते. पिंपाखाली विटा ठेवाव्यात, म्हणजे पाणी निथळते आणि स्लॅबला ओल येत नाही. दर पावसाळ्यात वरची वीतभर माती काढून शेणखत भरावे. उन्हाळ्यात पाणी रोज, हिवाळ्यात बेताने. कलम असल्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो खुडून टाकावा लागतो, नाहीतर झाड जोमच धरत नाही. घरात हे काम करायला कोणी तयार नसते. शेवटी फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी, सगळे कामाला गेल्यावर, आजीच गच्चीवर जाऊन ते उरकून येते.